पानओलाव्याच्या सेन्सरसाठी पहिल्यांदाच पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा छापील बोर्ड) मागवतोय. पैसे भरण्याआधी कुणी नजर टाकेल का?

बागायतदार_पिंपळगाव
११ ऑगस्ट, रात्री १०.५०

राम राम मंडळी.

मी सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. घर पिंपळगाव बसवंतजवळ, वडिलांची तीन एकर द्राक्षबाग. गेल्या साली ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला आणि डाऊनी रोगानं कोवळे घड डोळ्यांदेखत काळे केले. वडील पहाटे टॉर्च घेऊन ओळीओळीनं पानं चाचपत फिरायचे. पान किती तास ओलं राहिलं यावर फवारणी कधी घ्यायची ते ठरतं, आणि ते तास मोजायला त्यांच्याकडे हाताची बोटं आणि देवघरातलं घड्याळ.

तर मी एक डबा केला. एटीमेगा३२८पी चिप ८ मेगाहर्ट्झवर, तापमान-आर्द्रतेला डीएचटी२२, घरापर्यंत आकडे पाठवायला ८६६ मेगाहर्ट्झचा आरएफएम९५ लोरा रेडिओ मोड्यूल, एक १८६५० लिथियम सेल आणि चार्जिंगला बोटभर सोलर पॅनल. पान म्हणून तांब्याच्या दोन कंगव्यांसारख्या रेषा एकमेकींत गुंतवलेली पट्टी. ओली झाली की रेषांमधून करंट वाहतो, कोरडी झाली की थांबतो.

झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांची तयार पट्टी, जोडण्या हातानं करायच्या) केलेला हा डबा जून महिना चालला. जुलैत उघडला तर आत मुंग्यांचं वारूळ, खालच्या जोडण्यांवर हिरवी बुरशी आल्यासारखं तांबं, आणि सेन्सरच्या पट्टीवर एका बाजूच्या रेषा चक्क खाऊन गेलेल्या.

घरी एचिंग (नको ते तांबं द्रावणात विरघळवून रेषा काढणं) करून पाहिलं. चकचकीत कागदावर लेझर प्रिंट, इस्त्री, फेरिक क्लोराइड, सगळं केलं. जाड रेषा उमटल्या, बारीक तुटल्या. शिवाय द्रावणाचा प्लॅस्टिकचा डबा आईच्या स्टीलच्या पातेल्यात गरम पाण्यात ठेवला होता, तो कलंडला. पातेल्याला पडलेले डाग अजून निघालेले नाहीत आणि आईचं बोलणंही थांबलेलं नाही.

म्हणून आता बाहेरून बोर्ड करून घ्यायचे ठरवलंय. कायकॅड हे बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर शिकलो, तीन आठवडे लागले. मुख्य बोर्ड ८० बाय ५० मिलिमीटर, सेन्सर ८० बाय ४०. दोन्ही दोन लेअरचे, म्हणजे वर-खाली दोन्हीकडे तांबं. पाच ठिकाणी लावायचेत, म्हणजे पाच-पाच नग. ३.३ व्होल्टसाठी एएमएस१११७ रेग्युलेटर टाकलाय. डीआरसी, म्हणजे कायकॅडमधली नियमांची तपासणी, शून्य चुका दाखवतंय. तरी पैसे भरायच्या बटणापाशी येऊन दोनदा परत फिरलोय.

विचारायचं एवढंच. बोर्ड इथूनच करून घ्यावेत की शेन्झेनहून? फॉर्मवर जाडी, तांबं, मास्क (वरचा रंगीत थर), फिनिश (उघड्या तांब्यावरचा मुलामा) असलं दहा प्रकारचं विचारतात, त्यातलं खरंच काय बदलावं लागतं? सेन्सरला सोन्याचं फिनिश घ्यावं का, म्हणजे खाऊन जाणार नाही? आणि दोन्ही डिझाइन एकाच बोर्डावर टाकून नंतर कापले तर स्वस्त पडेल का? बजेट तीन हजार. छाटणी १० ऑक्टोबरच्या आसपास धरलीय, त्याआधी बागेत लागायला हवेत.

स्किमॅटिक (जोडणीचा नकाशा) आणि लेआउट (बोर्डावरची मांडणी) जोडलंय. हसलात तरी चालेल.

लोहार_चाळ
११ ऑगस्ट, रात्री ११.३५

पाच नगांसाठी बोर्ड छापून आणायचे? आम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दहा रुपयांचा झिरो पीसीबी आणून ॲम्प्लिफायर केले, ते अजून वाजतात. जोडणी नीट करा, वरून वार्निशचे दोन हात मारा. मुंग्या डब्याच्या भोकातून येतात, बोर्डातून नाही.

जुना_आर्टवर्कवाला
१२ ऑगस्ट, सकाळी ७.१०

लोहार चाळ, मुंग्यांचं बरोबर बोललात. केबल ग्लँड (तारेभोवतीचं भोक बंद करणारं बूच) नसेल तर सोन्याचा बोर्ड असला तरी वारूळ होणारच. पण ॲम्प्लिफायर दिवाणखान्यात असतो हो, हा द्राक्षाच्या मांडवाखाली चार महिने भिजणार. आणि एकच वायरिंग पाच वेळा हातानं करायचं म्हणजे पाच वेगवेगळ्या चुका. माणसानं बोर्ड छापून घ्यावा.

बागायतदार, तुमची फाइल रात्री उघडली. हसलो नाही, पण चहा गार झाला.

पहिली गोष्ट, एएमएस१११७ काढा. आत्ता काढा, बाकीचं नंतर वाचा. त्याला आत आणि बाहेर यांच्यामध्ये सव्वा व्होल्टच्या आसपास फरक लागतो. लिथियम सेल बहुतेक वेळ ३.७ व्होल्टला असतो, म्हणजे तुमच्या डीएचटीला मिळणार अडीच. सेल पूर्ण भरलेला असताना टेबलावर चालेल, बागेत दुसऱ्या दिवशी गप्प. वर हा रेग्युलेटर काही न करता स्वतःच पाच मिलिअँपिअरच्या आसपास पितो. दिवसाला १२० मिलिअँपिअर-तास झाले. अडीच हजार मिलिअँपिअर-तासांचा सेल वीस दिवसांत नुसता रेग्युलेटरला पाजायचा, आणि श्रावणात सोलर पॅनलचं काय होतं ते तुम्ही मला सांगायला हवं. सेलवरून थेटही देऊ नका, भरलेला सेल ४.२ ला असतो आणि आरएफएम९५ ला ३.७ च्या वर चालत नाही. एमसीपी१७०० चा ३.३ वाला घ्या. स्वतः दोन मायक्रोअँपिअरच्या आत भागवतो, २५० मिलिअँपिअर देतो, लोरा पूर्ण ताकदीनं ओरडला तरी १२० च्या आसपास घेतो.

आता नीट ऐका. एमसीपी१७०० चा तीन पायांचा जुन्या ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा प्रकार घेतलात तर पाय असे: ग्राउंड, इन, आउट. तसाच दिसणारा ७८एल०५ असतो, त्याचे आउट, ग्राउंड, इन. एएमएस१११७ चे ग्राउंड, आउट, इन. दुकानदाराला तिन्ही सारखेच. कायकॅडमधलं चिन्ह उचललंत आणि फूटप्रिंट (बोर्डावरची पायांची मांडणी) दुसऱ्याचा लावलात तर डीआरसी शून्यच चुका दाखवणार. डीआरसी हे रेषा रेषेला चिकटली का, जोडणी राहिली का, असलंच बघतं. ते व्याकरण तपासतं, निबंध खरा आहे का ते नाही.

त्यामुळे माझा एकच आग्रह, फॉर्मबिर्म नंतर. लेआउट कागदावर एकास एक मापात छापा. प्रिंटरच्या खिडकीत 'पानात बसवा' असलं काही असेल ते बंद करा, शंभर टक्के ठेवा, आणि छापल्यावर पट्टीनं ८० मिलिमीटर मोजून बघा. मग तो कागद थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवा आणि तुमच्याकडचा खराखुरा प्रत्येक भाग त्यात टोचा. प्रत्येक. स्क्रू टर्मिनल, सेलचा होल्डर, डीएचटी, कपॅसिटर. नसेल तर आधी भाग विकत आणा, मग बोर्ड मागवा. लोक उलटं करतात: बोर्ड आधी, भाग नंतर, आणि मग पाय वाकवून बसवत बसतात.

मी हे का सांगतोय? पंच्याऐंशी ते त्र्याण्णव मी भोसरीला एका छोट्या कारखान्यात आर्टवर्क करत होतो. तेव्हा संगणक नव्हता. मायलरच्या पारदर्शक शीटवर काळ्या चिकटपट्ट्या लावायच्या, पॅडसाठी काळी गोल चकती, सगळं दुप्पट मापात. मग कॅमेऱ्यानं निम्मं करून फिल्म काढायची. मे महिन्यात पंख्याखाली पट्टी सुकून आक्रसायची आणि सकाळी येऊन बघावं तर कोपऱ्यातली रेषा अर्धा मिलिमीटर सरकलेली. तिथे सवय लागली की डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, वस्तू ठेवून बघायची. आता कायकॅडमध्ये बोर्ड तीन मितींत गरागरा फिरवून बघता येतो, म्हणून लोक वस्तू ठेवत नाहीत. चित्रातला होल्डर लायब्ररी बनवणाऱ्याचा आहे, तुमच्या हातातला नाही. (कायकॅडला नावं ठेवत नाही हं. १९९२ मध्ये ग्रेनोबलच्या एका फ्रेंच प्राध्यापकानं सुरू केलं, पुढे सर्न प्रयोगशाळेनं हात लावला, आणि आपल्याला फुकट मिळालं. आमच्या वेळी एका परवान्याच्या पैशात माणूस स्कूटर घ्यायचा.)

भोकांचं सांगतो, कारण तुमचं तिथं चुकलंय. पिन हेडरची पिन चौकोनी ०.६४ मिलिमीटरची असते, म्हणजे कर्ण ०.९. भोक तुम्ही ०.९ दिलंय. हातोडी घेऊन बसावं लागेल. १.० द्या. ५.०८ च्या स्क्रू टर्मिनलला १.३. फॉर्मवर तयार भोकाचं माप मागतात. आतून तांब्याचा मुलामा बसल्यावर उरतं ते माप हेच, त्यामुळे त्याची वजाबाकी तुम्ही करायची नाही.

फॉर्ममध्ये काही बदलू नका. एफआर४ (काचेचे धागे आणि इपॉक्सीचा पत्रा), १.६ मिलिमीटर, एक औंस तांबं म्हणजे ३५ मायक्रॉन, हिरवा मास्क. एक मिलिमीटरची रेषा एवढ्या तांब्यावर दोन-सव्वादोन अँपिअर दहा अंश तापून वाहते, तुमचं सगळं मिळून पाव अँपिअरही नाही. त्यामुळे दोन औंस तांब्याचे पैसे फुकट. रेषा मात्र ०.१५ च्या कशाला काढल्यात? जागा आहे तर ०.४ च्या काढा. कारखान्याला जमतं म्हणून आपण कडेवर जाऊन उभं राहायचं नसतं. फिनिश शिसं नसलेलं कथलाचं घ्या, हातानं सोल्डर करायला तेच बरं. सेन्सरच्या सोन्याबद्दल माझा अनुभव नाही, कुणीतरी सांगेल.

दोन डिझाइन एकत्र टाकली तर बहुतेक कारखाने दोन धरतात आणि जादा लावतात. न लावले तरी तुम्ही हॅकसॉनं कापणार, आणि ती काचेच्या धाग्यांची धूळ छातीत जाते. कापायचंच असेल तर पाणी मारून, तोंडाला मास्क लावून, अंगणात. चारशे रुपयांसाठी मी करणार नाही.

इथून की शेन्झेनहून? पाच बोर्ड दोन डॉलर ही जाहिरात खरी असते, पण दोन डॉलरचा बोर्ड विमानानं येतो. मागच्या वर्षी नातवाच्या घड्याळासाठी मागवले, तर कुरियरचं भाडं बोर्डांच्या चौपट झालं. मग केवायसीला आधार मागितलं. कर बोर्डाच्या किमतीवर नव्हे, भाडं-विमा धरून जी रक्कम होते तिच्यावर लागतो, आणि त्यावर कुरियरवाल्याचा हाताळणीचा आकार. २०२० च्या जून-जुलैत चीनहून आलेला माल आपल्याकडे विमानतळांवर आणि बंदरांत अडवून तपासत होते, तेव्हा माझं एक पाकीट दीड महिना कुठे होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. चार लेअर, बारीक काम, शंभर नग असतील तर तिकडे जा. तुमच्यासारखे दोन लेअरचे दहा तुकडे आपल्या देशातल्या कारखान्याकडून साधारण तेवढ्याच पैशात पडतात, जीएसटीचं बिल मिळतं, आणि काही अडलं तर फोनवर हिंदीत भांडता येतं. तुम्हाला तारीख पाळायचीय, त्यामुळे हे शेवटचं कारण सर्वांत मोठं.

बागायतदार_पिंपळगाव
१५ ऑगस्ट, दुपारी ४.२०

काका, काय बोलू. एएमएस१११७ गेला.

आज सुट्टी होती, कागद छापून थर्माकोलवर टोचायला बसलो. वडील म्हणाले, हे काय देव्हारा करतोय का. एकेक टोचत गेलो तर निघालेलं सांगतो. सेलचा होल्डर ७७ मिलिमीटर लांब आहे, माझ्या ८० च्या बोर्डावर बसतो, पण बोर्ड डब्यात आवळायच्या दोन स्क्रूंची भोकं बरोबर त्याच्या पोटाखाली. डीएचटी२२ ची जाळी बाहेर हवी, ती चार्जिंगच्या भागाकडे तोंड करून, म्हणजे बागेचं नाही, सेलचं तापमान मोजलं असतं. आणि स्क्रू टर्मिनलची तार घालायची तोंडं बोर्डाच्या आतल्या बाजूला. पडद्यावर तीन आठवडे बघत होतो हे सगळं. एकदाही दिसलं नाही.

बोर्ड आता ९५ बाय ५५ केला. लोराच्या अँटेनाच्या तारेखालचं ग्राउंडचं तांबंही काढलं, ते कुठेतरी वाचलं होतं. तार साडेआठ सेंटीमीटर ठेवलीय.

लोहार चाळ, ग्लँड मागवल्या.

सेन्सरचं मात्र अडलंय. सोन्याला दोन्ही बाजूंचे पाच बोर्ड बाराशे जास्त सांगतात.

श्रुती_गच्चीवाली
१५ ऑगस्ट, रात्री ९.०५

दादा, बाराशे रुपये वाचवा.

मी पुण्यात गच्चीवरच्या कुंड्यांसाठी मातीचा सेन्सर अशाच कंगव्याचा केला होता, आधी कथलाचा, मग सोन्याचा. कथलाचा दोन महिन्यांत गेला, सोन्याचा पाच. सोनं म्हणतात ते निकेलवर मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याएवढं किंवा त्याहून पातळ असतं. त्यात बारीक छिद्रं असतात, नखाचा ओरखडाही पुरतो. मग आतलं निकेल आणि तांबं उघडं पडतं.

तुमच्या पट्टीच्या *एकाच* बाजूच्या रेषा खाऊन गेल्यात असं लिहिलंयत, तिथेच उत्तर आहे. तुम्ही एका कंगव्याला कायम प्लस आणि दुसऱ्याला कायम मायनस देत होतात ना? ते मुलामा चढवायच्या टाकीसारखं झालं. प्लसकडचं तांबं पाण्यात विरघळणार. वर फवारणीचं बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) उडालं असेल तर विचारूच नका. त्याच पद्धतीनं जायचं असेल तर दोन्ही कंगवे चिपच्या दोन पायांना जोडा, एकदा याला प्लस, लगेच त्याला प्लस, मिलिसेकंदात मोजा आणि दोन्ही पाय शून्यावर आणा. दर दहा मिनिटांनी एवढंच. मधल्या वेळात पट्टीवर व्होल्टेज नकोच.

पण मी तुमच्या जागी असते तर तांबं उघडं ठेवलंच नसतं. कंगव्यावर सोल्डर मास्क तसाच राहू द्या, आणि करंटऐवजी कपॅसिटन्स (विजेचा भार साठवायची क्षमता) मोजा. पाणी मास्कवर बसलं की कंगव्यांमधला कपॅसिटन्स वाढतो. पाण्याची ती गंमत आहे, भार साठवायला हवेच्या ऐंशीपट. एक मेगाओहमच्या रेझिस्टरमधून चार्ज होऊ द्यायचा आणि चिपच्या टायमरनं वेळ मोजायचा. माझ्या तळहाताएवढ्या पट्टीचा कोरडा कपॅसिटन्स दीडशे पिकोफॅरडच्या आसपास आला होता, म्हणजे दीडशे मायक्रोसेकंदांच्या घरातला खेळ, एटीमेगाला आरामात जमतो. काही उघडं नाही, तर खाऊन काय जाणार?

एक भानगड आहे, ती मला दीड महिन्यानं कळली. बोर्डाच्या कडा. कापलेल्या कडेला मास्क नसतो, काचेचे धागे उघडे असतात आणि तिथून ओल आत मुरते. सेन्सर दुपारी कडकडीत उन्हातही 'ओलं' सांगायला लागला. नेलपॉलिशचे दोन हात कडेवर फिरवा, नाहीतर इपॉक्सी. आणि कंगव्याच्या रेषा कडेपासून तीन-चार मिलिमीटर आत घ्या.

मास्क पांढरा मागा. हिरवा बोर्ड उन्हात पानापेक्षा जास्त तापतो आणि लवकर सुकतो, मग तुमचे तास कमी भरतील. पांढऱ्याचे पैसे जास्त लागले नाहीत मला, दोन दिवस जास्त लागले.

जुना_आर्टवर्कवाला
१५ ऑगस्ट, रात्री १०.४०

श्रुतीताई, कडांचं मला माहीत नव्हतं. वहीत लिहून घेतलं.

बागायतदार, पाठवायच्या आधी शेवटचं. बोर्डावरच्या भागांच्या जागा बदलल्यात, तर ग्राउंडचं तांबं पुन्हा भरा. कायकॅडमध्ये 'B' ही कळ दाबायची. नाहीतर जुन्या जागेवरचं तांबं नव्या रेषांवर तसंच राहतं. मग गर्बर, म्हणजे कारखान्याला द्यायच्या फाइली, काढा आणि त्या कायकॅडच्या बाहेर दुसऱ्या कुठल्यातरी दर्शकात उघडून बघा. कारखाना तुमचं कायकॅड बघत नाही, गर्बर बघतो. बाहेरची कडा आहे का, ड्रिलची फाइल तांब्यावर नेमकी बसते का, आणि खालच्या बाजूची अक्षरं उलटी दिसतात का. उलटी दिसली तर *बरोबर* आहेत. पहिल्या खेपेला लोक ती सुलट करून ठेवतात आणि बोर्डावर आरसा येतो.

गर्बर हे माणसाचं नाव बरं का. व्हिएन्नात जन्मलेला जोसेफ गर्बर, १९४० मध्ये जीव वाचवून अमेरिकेत गेला, तिथे त्याच्या कंपनीनं प्रकाशानं फिल्मवर रेषा काढणारी यंत्रं केली. त्या यंत्राची भाषा आपण अजून बोलतोय. आमच्या कारखान्यात असलं यंत्र आलं त्या दिवशी मी चिकटपट्टीचा डबा घरी घेऊन गेलो. बायकोनं वर्षभर मुलांच्या वह्यांना लावली.

आणि पाच नाही, दहा मागवा. पाचाच्या आणि दहाच्या किमतीत फरक किरकोळ असतो, सगळा खर्च पहिल्या नगाचा.

बागायतदार_पिंपळगाव
२२ सप्टेंबर, रात्री ११.१५

मंडळी, उशीर झाला, पण सांगायला आलो.

बोर्ड आपल्याच देशातल्या एका कारखान्यातून करून घेतले. मुख्य पाच, सेन्सर पाच, पांढरा मास्क, जीएसटी आणि कुरियर धरून २,८७०. अकराव्या दिवशी दारात. पाकीट फोडल्यावर आईनं हातात घेऊन विचारलं, हे तू केलंस? मी हो म्हणालो. पातेल्याचा विषय त्या दिवसापुरता बंद.

एक बोर्ड सेन्सरसकट दोन तासांत जोडला. झिरो पीसीबीवर दोन दिवस लागले होते. भोकं सगळी बसली, होल्डर बसला, डीएचटी बाहेर बघतोय. पट्टीवर ओला रुमाल ठेवला आणि आकडा उडाला. श्रुतीताई, जिंकलो.

मग सेल लावला आणि चार्जिंगच्या चिपमधून धूर.

कागदावर न दिसणारी चूक निघाली. सेल होल्डर मी सोल्डर न करता तारेनं दोन पायांच्या छोट्या पांढऱ्या कनेक्टरवर घेतला होता, काढता-घालता यावा म्हणून. टेबलावरच्या जुन्या होल्डरची लाल तार डावीकडे होती, तसंच बोर्डावर प्लस डावीकडे काढलं. नवे पाच होल्डर आणले, दिसायला हुबेहूब तेच, पण लाल तार उजवीकडे. थर्माकोलवर तारेचे रंग कोण बघतं? मी तर कनेक्टर टोचला आणि बसला म्हणून खूश झालो.

आता टाचणीनं कनेक्टरमधली पातळ जीभ दाबून दोन्ही तारा बाहेर ओढल्या, अदलाबदल करून परत घातल्या. चार होल्डरचे केले. एक बोर्ड मेला. काका, तुम्ही दहा म्हणाला होता, मी पाच मागवले. बोलू नका.

दोन डबे पंधरा दिवसांपासून बागेत आहेत, एक विहिरीकडच्या सखल कोपऱ्यात, एक वर रस्त्याच्या कडेला. परवा रात्री आभाळ निरभ्र होतं, दव पडलं. खालच्या डब्यानं पहाटे २.१० ला ओलं दाखवलं, वरच्यानं ४.४० ला. सुकलं दोन्हीकडे साडेआठच्या सुमारास. म्हणजे एकाच बागेत अडीच तासांचा फरक. वडिलांना मोबाइलवर दाखवलं. ते पाच मिनिटं बघत राहिले, मग टॉर्च घेऊन गेले आणि आज पहाटे खालच्या कोपऱ्यात उभं राहून पान चाचपून आले. म्हणाले, बरोबर सांगतोय, पण सव्वादोनला.

पाच मिनिटांचा फरक त्यांच्या बोटांचा की माझ्या दहा मिनिटांच्या मोजणीचा, ते बघायचंय.

लोहार_चाळ
२३ सप्टेंबर, सकाळी ९.३०

मुंग्या?

बागायतदार_पिंपळगाव
२३ सप्टेंबर, सकाळी ९.४२

नाहीत. ग्लँडच्या भोवती ग्रीस लावलंय.

जुना_आर्टवर्कवाला
२३ सप्टेंबर, सकाळी १०.०५

बोलत नाही. पण पुढच्या खेपेला कनेक्टरशेजारी सिल्कवर (बोर्डावरच्या छापील अक्षरांच्या थरावर) मोठ्या अक्षरात प्लस-मायनस छापा, आणि सेलच्या वाटेवर एक पी-चॅनेल मॉसफेट ट्रान्झिस्टर घाला, सेल उलटा लावला तरी धूर निघणार नाही. सर्किट संध्याकाळी काढून टाकतो.

मेलेला बोर्ड फेकू नका. चार्जिंगची चिप तेवढी गरम हवेनं काढून नवी बसवा, बाकीचं जगलं असेल. आणि उरलेल्या दोन डब्यांतला एक विहिरीच्या पलीकडच्या बांधावर लावून बघा. दव तिथून चढत येतंय का, ते मलाही बघायचंय.